काचेच्या कडेखाली

नारिंगी झेंडा काचेच्या कडेखाली गेला आणि लुबोर ह्रादिलच्या पायानं त्याला न विचारताच ब्रेक दाबला. बस जागच्या जागी गचकन थांबली. मागे पिशव्या पडल्या, कुणाचा तरी डबा घरंगळत पुढे आला, 'येशू मारिया!' असं कुणी तरी ओरडलं, आणि या सगळ्या आवाजांच्या मधोमध एक अगदी लहान आवाज झाला, वाळकी काटकी गुडघ्यावर धरून मोडावी तसा. अठ्ठावीस वर्षं बस चालवली होती त्यानं. मागे काय पडलं हे त्याला मान न वळवता कळत असे. हे माणूस होतं. तरी त्यानं मागे पाहिलं नाही. तो समोर बघत राहिला. समोर रस्ता मोकळा होता, ओला, चकचकीत, थेट पुलापर्यंत. त्या मोकळेपणाचीच त्याला भीती वाटली, कारण तिथं एक माणूस असायला हवा होता. काचेच्या कडेखाली, बंपरच्या पुढे किंवा बंपरच्या खाली, एक माणूस उताणा होता, आणि तो नेमका कुठे आहे हे कळण्याआधीच्या त्या क्षणात लुबोरच्या मनात शब्द उमटले, अगदी स्पष्ट, त्याच्या स्वतःच्या आवाजात: असला खाली तर असू दे. मग कडेवर हातमोजा घातलेला एक हात दिसला, मग पांढरं हेल्मेट, मग दाढी. माणूस उठून उभा राहत होता. जिवंत आहे, लुबोरला वाटलं, आणि आधी आला तो राग. सुटल्याची भावना त्याच्या मागून, लंगडत, उशिरा आली.

ही सायकल रस्त्यावर येऊन तीन आठवडे झाले होते. नदीकाठचा सायकलींचा रस्ता नळ टाकायला खणून ठेवला होता. बाकीचे सायकलवाले बसनं जायला लागले, नाही तर घरी बसले. हा एकटा हमरस्त्यावर आला. त्याची सायकल म्हणजे दोन चाकांच्या मध्ये ताणून बांधलेली आरामखुर्ची. पाय पुढे, पॅडल त्याच्याही पुढे, आणि त्यात तो पाठ टेकून निवांत पडलेला. मागे उंच लवचिक काठी, काठीला नारिंगी झेंडा. लुबोरच्या उंच आसनावरून आधी झेंडा दिसायचा, मग हेल्मेट, मग आळीपाळीनं वर येणारे दोन गुडघे, आणि सगळ्यात पुढे आभाळाकडे तोंड केलेले दोन बूट. रस्त्याचा अर्धा भाग लाल-पांढऱ्या अडसरांनी अडवलेला, उरलेल्या अरुंद पट्ट्यातून दोन्हीकडची रहदारी, आणि लुबोरची बस तर डोक्यावरच्या विजेच्या तारांना दोन दांड्यांनी बांधलेली. तिला बाजूनं काढून पुढे जाता येत नसे. मग गिरणीच्या थांब्यापासून पुलापर्यंत, रोज सकाळी, अकरा मिनिटं ते बूट त्याच्या डोळ्यांसमोर. खरं सांगायचं तर तो माणूस हळू चालवत नसे. पोटऱ्या दगडासारख्या होत्या त्याच्या. बसला उशीर व्हायचा तो अडसरांमुळे, हे लुबोरला ठाऊक होतं, कारण सायकल नसलेल्या दिवशीही तेवढाच उशीर व्हायचा. पण अडसरावर कुणाला किती चिडता येतं? अडसर काही मजेत पाय पसरून पडलेला नसतो.

आणि चिडणारा तो एकटा थोडाच होता. समोरून येणारे ट्रकवाले त्याला बघून हॉर्नवर हात ठेवायचे तो उचलतच नसत. एका मोटारसायकलवाल्यानं जाता जाता पाय बाहेर काढून त्याच्या झेंड्याला लाथ मारलेली लुबोरनं पाहिली होती. पांढऱ्या व्हॅनमधून पाण्याची अर्धी बाटली येऊन त्याच्या पोटावर पडली होती. त्यानं ती एका हातानं उचलली, पुढच्या चौकात थांबून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि निघाला, जसं काही हे रोजच्या कामातलंच. खणणारे मजूर कुदळी टेकून शिट्ट्या मारायचे. 'ए, ऊठ की! उजाडलं!' आणि बसमध्ये तर लोक आपल्या जागा सोडून पुढे यायचे, त्याला बघायला. सगळ्यात पुढे, चालकाच्या दाराला टेकून, दोस्ताल उभा असायचा. रबराच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फोरमन होता, आता निवृत्त. रोज साडेसहाच्या बसनं तो कुठं जायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. बहुधा कुठंच नाही.

"आला बघा पलंग," दोस्ताल म्हणायचा. "आज उशी विसरलेला दिसतो."

"बायको घरात झोपू देत नसेल हो," मागून कुणी तरी बाई.

"तर तर. म्हणून बसच्या वाटेत पथारी. घाला हो अंगावर, ह्रादिलसाहेब! आम्ही आहोत ना साक्षीला."

सगळे हसायचे. लुबोरही हसायचा. अठ्ठावीस वर्षांत उतारूंनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या होत्या, उशीर का झाला आणि दार का उघडत नाही. आता बसच्या पुढच्या भागाला एखाद्या ओळखीच्या दारूच्या गुत्त्याची ऊब आली होती. लोक त्याला नावानं हाक मारत होते. गिरणीचा थांबा जवळ आला की तो आपण होऊन झेंडा शोधायला लागायचा, आणि एके दिवशी झेंडा दिसला नाही तेव्हा त्याला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. दोस्तालही गप्प होता. सगळे आपापल्या जागेवर परत गेले आणि खिडक्यांबाहेर बघत बसले. त्या दिवशी घरी आल्यावर त्याचं लिबुशेशी, बायकोशी, उगाचच वाजलं, सूपमध्ये मीठ जास्त झालं यावरून. "मीठ रोजच्याएवढंच आहे," ती म्हणाली. "तुझंच तोंड बदललंय." कंबरेतून एक जुनी कळ डाव्या पायात उतरत होती, आणि तो बूट काढता काढता आभाळाकडे तोंड केलेल्या त्या दुसऱ्या बुटांचा विचार करत होता.

ते बूट त्याला कुठं टोचतात हे त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. लष्करात सक्तीची दोन वर्षं काढत असताना त्याला कावीळ झाली होती आणि ओलोमोउत्सच्या लष्करी इस्पितळात त्याला सहा आठवडे झोपवून ठेवलं होतं. उठायचं नाही, असा हुकूमच होता. बाकीची पोरं मार्चच्या चिखलात कोपरांवर सरपटत होती आणि हा खिडकीशी उताणा पडून एका चेस्टनटच्या झाडाला पालवी फुटताना बघत होता. उताण्या माणसाला झाड वेगळंच दिसतं. खोडाशी त्याचा संबंध उरत नाही. नुसत्या फांद्या, आणि फांद्यांमधून सरकणारं काही तरी. तोंड कडू, लघवी बियरच्या रंगाची, आणि तरी रोज सकाळी जाग आली की छातीत एक हलकं हलकं काही तरी उमलायचं, आणि ते सुख आहे हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. एका रविवारी वडील आले. टोपी हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. बुटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिरत्या पट्ट्यासमोर उभे असलेले त्यांचे पाय बसायचंच विसरले होते. "बरा दिसतोस," ते म्हणाले. ते खूष झाले नव्हते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दिवसाउजेडी आडवा झालेला माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर हरामखोर." दुसऱ्या दिवशी लुबोरनं डॉक्टरला सांगितलं की मला अगदी ठीक वाटतंय. आठवडाभर आधीच तो बराकीत परतला. यकृत तेव्हापासून अधू ते अधूच. आणि त्या दिवसापासून आजवर तो दिवसा कधी आडवा झाला नव्हता. रविवारीही नाही, कंबर धरली तेव्हाही नाही. लिबुशे म्हणायची, घटकाभर पड. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसून राहायचा.

म्हणून त्यानं मनाशी एक तोडगा काढला होता. हा माणूस आजारी असणार. मणका गेला असणार, नाही तर लहानपणी पायाला काही झालं असणार. आजारी असला तर चालेल. आजाऱ्याला सगळं माफ. त्यानं तसं एकदा बोलूनही दाखवलं. "मणक्याचं दुखणं असेल हो बिचाऱ्याला." बसमध्ये एकदम शांतता झाली, मेजवानीत कुणी मयताची गोष्ट काढावी तशी. दोस्तालचं तोंड उतरलं. पण दोस्ताल हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी सिग्नलपाशी रस्ता जरा रुंद होतो तिथं बस सायकलच्या शेजारी आली तेव्हा त्यानं पुढच्या दाराची लहान खिडकी सरकवली आणि खाली वाकून ओरडला, "काय हो! पाठबीठ गेलीय की काय?"

खालून तो माणूस हसला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट दिसला. पन्नाशीचा, पिकलेली दाढी, चष्म्यावर पाण्याचे थेंब. "नाही हो! पाठ ठणठणीत आहे!" तो म्हणाला. "मजा येते!"

सिग्नल हिरवा झाला. मजा येते. ते शब्द बसमध्ये पुढून मागे सरकत गेले, एकाकडून दुसऱ्याकडे. मागच्यांनी विचारलं, काय म्हणाला? पुढच्यांनी सांगितलं, मजा येते म्हणे. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. लुबोरनं जबडा आवळलेला होता आणि त्याला वाटत होतं की आपल्याला कुणी तरी फसवलंय. फार वर्षांपूर्वी, आणि ते आज कळतंय.

त्या ओल्या ऑक्टोबरच्या सकाळी घडलं ते इतकंच. डेपोत त्याच्या खणात उशिराबद्दलचं लेखी पत्र पडलेलं होतं, तिसरं. कंबर ठणकत होती. औषधांच्या दुकानाजवळच्या सिग्नलला पुढे थांबलेल्या त्या माणसानं मान जराशी वळवली, मागे कोणती बस आहे ते पाहिलं, आणि हात वर केला. रोजच्या ओळखीच्या माणसाला करतात तसा नमस्कार. "बघा, बघा," दोस्ताल म्हणाला, "आपल्याला आशीर्वाद देतोय." सिग्नल सुटला आणि लुबोरनं बस त्याच्या मागे लावली. नेहमीपेक्षा जवळ. हॉर्न दिला. मग आणखी जवळ. हेल्मेट कडेखाली गेलं, नुसता झेंडा उरला, आणि काचेच्या तळाशी थरथरणारा तो झेंडा बघताना त्याच्या पोटात गोड गोड काही तरी हललं. आता तुला कळू दे, मागे काय आहे ते. त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. औषधांच्या दुकानापासून टायरवाल्याच्या फलकापर्यंत. नंतर त्यानं ते अंतर मनात पुन्हा पुन्हा मोजलं तेव्हा ते चार सेकंदांचं निघालं. चार सेकंद तो त्या माणसाच्या डोक्यामागे सतरा टन लोखंड घेऊन उभा होता, मुद्दाम. रस्त्यावर आडवा चर होता, नळवाल्यांनी बुजवलेला आणि रात्रीच्या पावसानं खचलेला. तो लुबोरलाही दिसला होता. त्या माणसानं चराशी ब्रेक लावला, कुणीही लावला असता, आणि झेंडा खाली गेला.

दारं उघडली तेव्हा आधी उतरले ते जखमी नव्हते, चिडलेले होते. ते धावत पुढे गेले आणि त्या माणसाला त्यांनी घेरलं. बंपर आणि त्याच्या सायकलीमध्ये एक वीत अंतर राहिलं होतं. ते कुणी पाहिलं नाही. "म्हातारी मेली असती रे, माकडा!" एक बाई किंचाळली. "घरी जाऊन लोळ की!" कुणी तरी झेंड्याची काठी वाकवली, ती तुटेना, तेव्हा पायाखाली धरून मोडली. त्याचा चष्मा रस्त्यावर पडला होता आणि तो खाली बसून तो चाचपत होता. "मी चरासाठी थांबलो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, ओरडून नव्हे, पत्ता सांगावा तसा. "हा इथं चर आहे. बस माझ्या डोक्याला लागून होती." पण चरात लोकच उभे होते. आत, मधल्या दारापाशी, हेडविका तोमेच्कोवा नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी एका कुशीवर पडल्या होत्या आणि आपला झगा गुडघ्याखाली ओढायची धडपड करत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. लुबोरनं आपला कोट त्यांच्या अंगावर घातला. "तुम्ही थांबवलीत म्हणून," आजी पांढऱ्या ओठांनी म्हणाल्या, "नाही तर तो मेलाच होता. तुम्ही वाचवलंत त्याला." त्यांनी त्याचा हात धरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही. त्या हातावर प्रेतावर असतात तसे डाग होते, आणि पकड अशी होती की त्याला आपला हात सोडवून घेऊन पळून जावंसं वाटलं.

पोलिसातला पोरगेलासा अधिकारी वही काढून आला. "अंतर किती होतं तुमच्यात?" लुबोरनं तोंड उघडलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं की त्यातून काय बाहेर पडणार आहे. पण दोस्ताल आधीच बोलत होता. "दहा-बारा मीटर. सहज. मी पुढंच उभा होतो ना. आणि हा शहाणा मध्येच थांबला, काही कारण नसताना." अधिकाऱ्यानं लुबोरकडे पाहिलं. "हं," लुबोर म्हणाला. एवढंच. त्या 'हं'चं कागदावर एक सरळ, सुवाच्य वाक्य झालं आणि त्याखाली त्यानं सही केली. अकरा जणांनी साक्षीसाठी नावं दिली. जाताना दोस्तालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस रे," तो म्हणाला. तोपर्यंत तो लुबोरला अहो-जाहो करत असे. "आपण दोघांनी बघितलंय ना."

"काय बघितलं?" लुबोरनं विचारलं.

"ए, वेडा का काय? बघायचं होतं ते बघितलं." दोस्तालनं डोळा मारला. त्याला सगळं माहीत होतं. तो दाराला टेकून उभा होता, त्याला हेल्मेट कडेखाली जाताना दिसलं होतं, चर दिसला होता, हॉर्नवरचा हात दिसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाचार किंवा ओशाळं असं काही नव्हतं. एक निर्मळ आनंद होता. दुसऱ्याच दिवशी नळवाल्यांनी तो चर डांबर ओतून बुजवला.

नंतरच्या दिवसांत लोक त्याच्याशी फार चांगले वागले. कुणी गिरणीच्या थांब्यावर चढताना त्याच्या हातात आलुबुखाराचा मुरंबा भरलेले गरम गोड पाव, कोलाचे, ठेवले. कुणी घरच्या स्लिवोवित्सेची, आलुबुखाराच्या कडक दारूची, बाटली. दोस्ताल दोन संध्याकाळी घरी येऊन बसला आणि ती बाटली त्यानंच संपवली. लिबुशे फोनवर लोकांनी गावाच्या पानावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची. "ऐक ना. 'असल्यांना भंगारात काढा, सायकलीसकट.' आणि हे बघ, 'चालकाला पदक द्या.' चारशे लोकांना आवडलंय." ती अभिमानानं हसत होती, कित्येक वर्षांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्यानं एकदा म्हणून पाहिलं, "लिबुशे, मी जरा जवळ होतो त्याच्या." ती फोनवरून नजर न काढता म्हणाली, "मग? त्यानं तुझ्यापासून लांब राहायचं. मोठी गाडी कोणाची?" तो इस्पितळात हेडविकाआजींना भेटायला गेला. त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगितलं, "हेच ते." शेजारच्या बाईनं त्याला संत्रं दिलं. त्याला बोलायचं होतं, पण खोलीत सगळ्या बायका आडव्या होत्या आणि तो एकटा टोपी हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, आणि असं उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून काय निघतं हे त्याला माहीत होतं. संत्रं खिशात घालून तो परतला. बस चालवताना आता तो पुढच्या गाडीपासून इतका लांब राहायचा की मागचे हॉर्न द्यायचे. रात्री पाठीवर झोपलं की त्याला वाटे, डोक्याच्या मागे काही तरी उभं आहे, मोठं, गुरगुरणारं, आणि ते पुढे येत नाही आणि मागेही जात नाही. मग तो कुशीवर वळायचा. कुशीवरही ते असायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी गावच्या कचेरीत सुनावणी झाली. आरोप सायकलवाल्यावर होता: कारण नसताना एकाएकी थांबून उतारूला इजा होईल असं वर्तन. दुसऱ्या मजल्यावरची लहान खोली, गरम नळांचा वास, कुंडीत एक मरतुकडं रोप. लुबोरनं त्या माणसाला पहिल्यांदाच साध्या खुर्चीत सरळ बसलेलं पाहिलं आणि तो केवढा लहानखुरा आहे हे बघून त्याला धक्का बसला. ओटमार सिनेक, शिलाई यंत्रं दुरुस्त करणारा. नवा चष्मा. हातांना यंत्राच्या तेलाचा काळसर रंग. लुबोरच्या शेजारी कामगार संघटनेचा माणूस बसला होता, मागे दोस्ताल आणि आणखी तिघे साक्षीदार, इस्त्रीचे कपडे घालून, लग्नाला आल्यासारखे.

"तुम्हाला काही शारीरिक त्रास आहे का, ज्यासाठी असलं वाहन लागतं?" सुनावणी घेणाऱ्या बाईंनी सिनेकला विचारलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्या आवाजात त्याला एक वाट काढून द्यायची इच्छा होती.

"नाही," सिनेक म्हणाला.

"मग?"

"बरं वाटतं त्यावर. मान अवघडत नाही. समोर नुसतं आभाळ असतं."

"हमरस्ता आभाळ बघायला असतो का?"

मागच्या रांगेत दोस्ताल हसला. बाईंनी लुबोरकडे पाहिलं. "श्री. ह्रादिल, तुम्ही लेखी दिलंय, अंतर दहा ते बारा मीटर. बरोबर?"

"नाही," लुबोर म्हणाला.

बाईंनी कागदावरून मान वर केली.

"दोन मीटर," तो म्हणाला. "त्याहून कमी. मी मुद्दाम जवळ गेलो. त्याला घाबरवायला. चर होता तिथे. मला दिसला होता." बोलताना त्याला वाटत होतं की आता काही तरी कोसळेल, निदान एखादं दार तरी आपटेल. काहीच झालं नाही. संघटनेच्या माणसानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. "बाई, महिनाभर झोप नाही त्याला," तो म्हणाला. "त्या आजींचं फार मनाला लावून घेतलंय. भला माणूस आहे."

"मी शुद्धीवर आहे," लुबोर म्हणाला. "बस त्याच्या डोक्याला लागून होती. तो सांगतो ते खरं आहे." दुसऱ्यांदा त्याचा आवाज पहिल्याइतका मोठा नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा दमलेला होता. "हे बघा, माझ्यासमोर अकरा जणांचं लेखी आहे. पोलिसांच्या नकाशात चर नाही. तुम्हाला तुमचा जबाब बदलायचा असेल तर ती वेगळी चौकशी होईल, तुमच्यावर, आणि तोवर तुम्हाला गाडीवर बसता येणार नाही. आजींची भरपाई कुणी द्यायची हा प्रश्नही नव्यानं येईल. विचार करून सांगा. जबाब बदलायचा आहे का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दोस्ताल हसत नव्हता आता. तो डोळे बारीक करून बघत होता, सायकलकडे बघायचा तसा. तीच नजर. ती आपल्याकडे वळली म्हणजे कशी लागते, हे लुबोरला तोवर ठाऊक नव्हतं. ती कातडीला लागत नव्हती. पायाखालची जमीन काढून घेऊन माणसाला तिनं खाली, फार खाली ठेवलेलं होतं, जिथून बाकीच्यांचे फक्त गुडघे दिसतात. त्याच्या मनात डेपो आला, सकाळची ऊब आलेली बस, लिबुशेचं हसू. सिनेक मात्र त्याच्याकडे बघत नव्हता. कुंडीतल्या रोपाकडे बघत होता.

तिसऱ्यांदा लुबोर बोलला नाही.

"साक्षीदार भावनावश झाला," बाईंनी लिहिता लिहिता उच्चारलं, "मूळ जबाब कायम." सिनेकला दंड झाला. त्यानं वाद घातला नाही. कागद घडी घालून आतल्या खिशात ठेवला.

जिन्यात लुबोरनं त्याला गाठलं. बाकीचे वरच थांबले होते; दोस्ताल मोठ्यानं सांगत होता की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. सिनेक एका पायरीवर उभा राहून हातमोजे चढवत होता.

"मी सांगितलं त्यांना," लुबोर म्हणाला.

"ऐकलं मी."

"दोनदा सांगितलं."

"हो. दोनदा." सिनेकनं करंगळी नीट बसवली. "नदीकाठचा रस्ता सोमवारी खुला झालाय. आता तुमची-माझी गाठ पडायची नाही."

"मला... तुमची माफी..."

"नको," सिनेक म्हणाला. त्याच्या आवाजात राग शोधला तरी सापडला नसता. "ती तुमच्याजवळच असू द्या. तुम्ही हॉर्न वाजवत होतात तेव्हा निदान तुम्ही कुठे आहात ते मला कळत होतं." आणि तो उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.

लुबोर त्याच्या मागे बाहेर आला तेव्हा तो कठड्याला बांधलेली सायकल सोडवत होता. तिच्या आसनावर कुणी तरी अर्धवट खाल्लेलं सॉसेज मोहरीच्या चटणीसकट फासून ठेवलं होतं. सिनेकनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सॉसेज कागदात उचलून डब्यात टाकलं, खिशातून फडकं काढलं, आसन पुसलं. फडकं त्याच कामासाठी ठेवलेलं असावं. मग तो मागे रेलला, पाय उचलले आणि चौकाकडे निघाला. थंडी होती, ऊन पडलं होतं. एका गाडीनं हॉर्न दिला, मग दुसरीनं. पदपथावरच्या दोन बाया थांबल्या, एकमेकींना कोपरानं ढोसलं. लुबोर रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. त्याच्या अगदी समोर पावाच्या बेकरीची एक व्हॅन थांबली, आणि चालकानं काच खाली करून बाहेर डोकं काढलं. तिशीतला, गुलाबी गालांचा, खोडकर चेहऱ्याचा माणूस.

"अहो काका, बघा, बघा त्याला!" तो लुबोरला म्हणाला. "टबात बसून निघालाय अंघोळीला!"

लुबोरला त्याला सांगायचं होतं. काय सांगायचं तेही ठरत आलं होतं, पहिला शब्द जिभेवर होता. पण चेहरा त्याच्या आधी पोचला. गाल वर गेले, ओठ फाकले, दातांना गार वारा लागला, आणि घशातून तो जुना, सैल, सकाळच्या बसमधला आवाज आपण होऊन बाहेर आला.

"कसले कसले लोक असतात," व्हॅनवाला खूष होऊन म्हणाला. आपल्या माणसाला करावी तशी त्यानं मान हलवली, काच वर घेतली, आणि सायकलच्या मागे गाडी घातली.